आकडा बरोबर होता, फुलवंताबाई

फुलवंताबाई, तुमच्या तेरवीला मी एक दिवस आधी पोचलो.

आपल्या संस्थेच्या योगराजभाऊंनी फोनवर वार सांगितला तेव्हा माझं लक्ष नेहमीप्रमाणे दुसरीकडे होतं. धुतलेला कुडता, हातात झेंडूचा हार, अशा थाटात मी कामठ्याला तुमच्या दारात उभा. आत ना मांडव, ना माणसं. डोमाजीभाऊ तेवढे अंगणात पोतं टाकून उद्याच्या जेवणासाठी लसूण सोलत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं. "उद्या हाय जी सर. आलेच तं बसा."

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "सर एक तं आधी येतेत, नाही तं मंग येतेत. टायमावर याची त्यायले शपथ हाय."

मी बसलो आणि लसूण सोलायला घेतला. तुमच्या नवऱ्याशी इतक्या वर्षांत माझं बोलणं 'राम राम'च्या पुढे कधी गेलं नव्हतं. तुम्ही समोर असताना त्यांची पाळीच यायची नाही. त्या दिवशी ते खाली मान घालून बोलले. "पोळ्यापासून पोटात दुखते म्हणे. मी म्हणो, डाक्टरकडं चल. तं म्हणे, सोमवारी मिटिंगीत सांगीन, सर गोंदियाले कोनाची वळख काढून देतीन. सोमवारी घरी आली का मी इचारो, सांगतलं का वो? तं म्हणे, आता मिटिंगीत बोलाले भेटत नाही."

धान कापून झाला, असं सांगावं तसं त्यांनी हे सांगितलं. आरोप नाही, राग नाही. पुढची गड्डी फोडली. माझ्या हातातली पाकळी मात्र मी सोलत राहिलो, सोलत राहिलो, तिच्यात सोलण्यासारखं काही उरलं नाही तरी.

मिटिंगीत बोलायला मिळू नये ही सोय मी केली होती, बाई. अभिमानानं केली होती.

तुमच्यामागे लोक मला विचारतात, तुमची संस्था नेमकं करते काय? मी अजूनही 'बालविकास' वगैरे शब्द काढतो. तुम्ही एका वाक्यात सांगायचात. रोवणीच्या दिवसांत आया चिखलात वाकलेल्या असतात, घरात कोणी नसतं आणि गावात जिकडेतिकडे तळी, बोड्या तुडुंब भरलेल्या असतात. "सकारी जेवढी लेकरं घेतली तेवढी संध्याकारी ज्याची त्याले द्याची, बस." कामठ्यात भाड्याच्या दोन खोल्या, शाळेनं दिलेला एक वर्ग, ढीगभर गोधड्या आणि आपण चौघं: तुम्ही, निर्मला, योगराजभाऊ आणि मी. चौघांत मी एकटाच शिकलेला, त्यामुळे घोटाळे करण्याचं खातं माझ्याकडे.

पहिला मोठा घोटाळा नागपूरच्या शिबिरानंतरचा. तीन दिवस एका थंडगार खोलीत बसून मी शिकून आलो की कोणताही गट आधी जुळतो, तेव्हा सगळे गोड गोड बोलतात. मग घुसळण होते, भांडणं होतात. मग घडी बसते, नियम ठरतात. आणि मग कुठे कामाला वेग येतो. अशा चार पायऱ्या. पाचवीही होती, पण शेवटच्या दुपारी गोंदियाची गाडी पकडायची म्हणून मी सत्रातून उठलो. माझ्या वहीत 'पाचवी: निरोप' एवढंच लिहिलेलं आहे आणि खाली पान कोरं. गाडीही चुकली, ते वेगळं.

परत येऊन मी पुठ्ठ्यावर शिडी काढली, भिंतीला लावली आणि जाहीर केलं की आपण सहा महिने पहिल्याच पायरीवर बसून आहोत, आता दुसरी चढली पाहिजे. पुढच्या मिटिंगच्या कागदावर मी माझ्या हातानं लिहिलं: 'दुपारी दोन ते तीन, मतभेद.'

दोन वाजता आपण चौघं गोल करून बसलो. योगराजभाऊ हात जोडून म्हणाले, "सर, आप बोलो, किससे झगड़ना है?" निर्मला कावरीबावरी झाली. "माहं तं कोनासंग काहीच नाही जी." तुम्ही पदर सावरलात आणि सोयरीक ठरवायला आल्यासारखं गंभीर तोंड करून विचारलंत, "मुहूर्त काढला का जी सर? भांडन असं ठरवून होते का?"

तासभर आपण एकमेकांना चणे देत बसलो. तीन वाजता मी वहीत 'मतभेद संपन्न' असं लिहिलं. तीन वाजून पाच मिनिटांनी चहा आला आणि निर्मला सहज बोलून गेली की काल फाटकाची कडी उघडी राहिली होती, एक पोरगा बोडीच्या पाळीवर सापडला.

"सापडला म्हंजे?" तुम्ही कपबशी खाली ठेवलीत.

मग जे सुरू झालं ते तीन दिवस चाललं. तुम्ही निर्मलावर, निर्मला जेवायला जाऊन उशिरा परतलेल्या योगराजभाऊंवर, योगराजभाऊ माझ्यावर: "सर तो नागपूर में सीढ़ी चढ़ रहे थे!" मी मधे पडून म्हणालो, "शांत व्हा, हे पायरीला धरूनच आहे." त्यावर तुम्ही माझ्याकडे वळलात. "तुमाले आपल्याकडं लेकरं किती हायेत हे तरी मालूम हाय का?"

मला मालूम नव्हतं.

त्या भांडणातून आपली मोजणी निघाली. दर अर्ध्या तासानं एकीनं लेकरं मोजायची आणि आकडा मोठ्यानं सांगायचा. लगेच दुसरीनं पुन्हा मोजायचं, पहिलीचा आकडा कानावर पडलाच नाही असं समजून. "दुसरीनं पैलीवर इस्वास ठेवाचा नाही," तुम्ही नियम सांगितलात. "सख्खी बहीन असली तरी." एकमेकींवर अविश्वास ठेवायचा नियम करून एकमेकींवर इतका जीव टाकणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

आणि त्यातूनच सोमवारचा झाडू निघाला. नाव तुमचंच. "आधी झाडून घ्या जी, मंग पाट मांडा." मिटिंगचा पहिला अर्धा तास, कधी दीड तास, कोणीही कोणालाही काहीही बोलायचं. कामाचं, घरचं, दुखणंखुपणं. निर्मलाला दिवस गेल्याचं आपल्याला झाडूत कळलं, तिच्या सासूच्या आधी. माझी बायको माहेरी निघून गेली ते मी माझ्या भावाला सांगण्याआधी तिथे सांगितलं. तुम्ही निवांत विचारलंत, "आता कोन्ती चूक केली जी?" आणि दुसऱ्या दिवशी निम्मी चूक निस्तरायला तुम्ही स्वतः एसटीनं तिच्या माहेरी गेलात. उरलेली निम्मी मी अजून निस्तरतोय. संसार टिकला तो तुमच्या एका फेरीमुळे, आणि त्याबद्दल मी तुम्हाला साधं 'बरं झालं' देखील म्हटलं नाही. उलट एसटीत तुम्हाला उलटी झाली ती गोष्ट रंगवून चार ठिकाणी सांगितली.

ती वर्षं चांगली गेली. किती चांगली, हे चालू असताना कळलं नाही. तुम्ही दारात उभ्या राहून आकडा पुकारायचात, आतून निर्मलाचा आकडा यायचा, आणि दोन्ही जुळले की योगराजभाऊ बाहेरून तिसरा उगाच ओरडायचे, "और मैं अठारहवाँ!" लेकरं हसायची. रोज तीच थट्टा, रोज तेच हसणं.

मग बिरसीला दुसरं केंद्र निघालं. किरण आली, तिच्याबरोबर उषा आली. किरण गोंदियाची, शिकलेली, फटकळ. त्याच सुमारास आपल्याला मदत देणाऱ्या संस्थेच्या मॅडम आपलं काम पाहायला यायच्या होत्या. मला वाटलं, आता दाखवू वेग काय असतो. मी नवा पुठ्ठा आणला, शिडी रंगवली, चौथ्या पायरीवर आपली सहा जणांची नावं लिहिली. मॅडम बसल्या. आणि झाडूत किरण तुम्हाला म्हणाली, "काकू, तुमची कामठ्याची मोजणी बिरसीत नहीं चलेगी. तिथं विमान चालवायला शिकवतात ना. डोक्यावरून विमान गेलं की सगळी लेकरं अंगणात. मोजता मोजता अर्धी बाहेर."

"मंग दार लावाचं."

"दार लावून पाहिलं. खिडकीवर चढतात. तुम्ही एक दिवस तरी आलात का तिथं?"

"मी का रिकामी हाव का वो? कामठ्यात कोन पाहीन? तुही आई?"

"आईपर जाना नहीं, काकू!"

तुम्ही उठून उभ्या राहिलात. किरणही उठली. मॅडमनी पेन थांबवलं. आज मी ते दृश्य पुन्हा पुन्हा पाहतो तेव्हा दिसतं की तुमच्या कपाळावर आठी होती, पण तुमचा हात कमरेवरून खाली आला होता. तुमचा हात खाली आला की तुम्ही ऐकायला लागायचात. दोन मिनिटं मिळाली असती तर तुम्ही म्हणाला असतात, "बरं मंग, तूच सांग कसं कराचं." मला ते तेव्हाही माहीत असायला हवं होतं. मी टाळी वाजवली आणि म्हणालो, "चला, चहा घेऊ."

मॅडम गेल्यावर मी झाडू बंद केला. मोबाईलवर एक तक्ता तयार केला: आज किती लेकरं, मोजणी झाली का, अडचण आहे का, हो किंवा नाही यावर बोट ठेवायचं. मिटिंग चाळीस मिनिटांत आटपू लागली. मी तुम्हाला मोठ्या खुशीत म्हणालो, "पाहा बाई, आता आपण खरे चौथ्या पायरीवर."

"दोन नव्या बाया आल्या जी सर," तुम्ही म्हणालात. "आपन परत पैल्या पायरीवर गेलो. तुमच्या पुठ्ठ्याले मालूम नाही, एवढंच."

"असं मागे जात बसलो तर कसं होणार?"

"रोवलं का धान आठ दिवस पिवरा पडतेच. थे पाहून कोनी उपटते का? जरा पिवरं पडू द्या ना आमाले."

मी म्हणालो, "बाई, पुढचा मुद्दा घेऊ."

आपला शेवटचा वाद हाच. तो संपला नाही, मी उरकला. त्यानंतर तुम्ही वाद घातलाच नाहीत. तुम्ही यायचात, बसायचात, तक्त्यावर बोट ठेवायचात, जायचात. मला वाटलं, बाई रुळल्या. शांततेला मी प्रगती समजलो. इतका शहाणा माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल.

यंदाच्या रोवणीत एका दुपारी बिरसीला विमान गेलं, लेकरं अंगणात पळाली, परत आत आली. उषानं मोजलं, सतरा, सकाळी घेतली होती तेवढीच. किरणनं दुसऱ्यांदा मोजायचं होतं. ती तक्ता भरत होती, तिनं मान डोलावली आणि 'हो'वर बोट ठेवलं. मोजणी तिला आपण नियम म्हणून दिली होती. ती ज्या भांडणातून आली, ते आपण तिला करू दिलं नव्हतं. तुम्ही त्या दिवशी, पहिल्यांदाच, स्वतःहून बिरसीला गेला होतात, किरणचं म्हणणं पाहायला. तुम्ही उगाच खोलीच्या मागे डोकावलात. एक पोरगी पाटाच्या कडेला बसून पाण्यात पाय हलवत होती.

तिला काही झालं नाही. तुम्ही तिला काखेत मारून आणलंत आणि मला मोबाईलवर लिहिलंत, निर्मलाच्या थोरल्या मुलानं शिकवलं होतं तसं एकेक अक्षर शोधून: 'सर आकडा बरोबर होता. लेकरू कमी होतं. सोमवारी बोलू.'

मी बँकेच्या रांगेत उभा होतो. मी तुम्हाला उत्तरात अंगठा पाठवला.

फुलवंताबाई, मी तुम्हाला अंगठा पाठवला. आणि सोमवारी मिटिंग चाळीस मिनिटांत संपवली.

हे मी माझ्या विनोदी गोष्टींत घालून पाहिलं. दोन-तीनदा सांगायचा प्रयत्न केला, जरा फिरवून, स्वतःची टर उडवत. लोक हसायच्या तयारीत बसतात आणि मग माझ्याकडे पाहत राहतात.

पोळा झाला, दसरा झाला. तुमचं पातळ अंगावर सैल होत गेलं ते आम्ही कोणी पाहिलं नाही. सगळ्यांची मान तक्त्यात. पाहिलं ते किरणनं. एका दुपारी मोजताना तुम्ही भिंत धरलीत, आकडा अर्ध्यावर सोडलात, आणि जिच्याशी तुमचं पटत नव्हतं तिनं तुम्हाला स्कूटीवर बसवून गोंदियाच्या डॉक्टरकडे नेलं. तिथून नागपूर. दिवाळीचे दिवे विझले आणि पंधरा दिवसांत तुम्हीही. डॉक्टर म्हणाले, दोन महिने आधी कळलं असतं तरी नक्की काही सांगता आलं नसतं. या वाक्याला धरून मी काही दिवस काढले. आता त्याला धरवत नाही. नक्की सांगता आलं नसतं, पण तुम्हाला सांगता तरी आलं असतं. दोन महिने ते दुखणं तुम्ही एकटीनं पोटात घेऊन लेकरं मोजलीत.

दवाखान्यात मी आलो तेव्हा काय बोललो आठवतं? चुकून शेजारच्या वॉर्डात शिरलो आणि एका अनोळखी आजीला अर्धा डझन केळी देऊन, तब्येतीची चौकशी करून आलो, ती गोष्ट. तुम्ही हसलात. हसताना पोट धरलंत, डोळ्यांत पाणी आलं, तरी म्हणालात, "मंग माही केरी कोठी गेली जी?" मी अजून एक गोष्ट सांगितली. अजून एक. माफी मागायला आलो होतो, आणि जागा मिळेल तिथे विनोद कोंबत होतो. निघताना तुम्ही एवढंच म्हणालात, "किरणले रागवू नका. थे भांडते चांगली."

मी म्हणालो, "बरं." मग जिना चुकलो आणि तुमच्याच मजल्यावर फिरत राहिलो. पुन्हा आत यायला काही हरकत नव्हती. आलो नाही.

तेरवीनंतरच्या सोमवारी मी मिटिंगला तक्ता उघडला नाही. डोमाजीभाऊ जे म्हणाले ते चौघांना जसंच्या तसं सांगितलं. निर्मला पदरात तोंड घालून रडायला लागली. योगराजभाऊ खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. आणि किरण उठली.

"सर, हे आज सांगताय? आज?" तिचा आवाज चिरकला. "त्या दिवशी पाटावर पोरगी माझ्यामुळे गेली. मैंने गिना नहीं था. मी मोजलंच नव्हतं! काकूंनी माझं नाव कोणाला सांगितलं नाही. मी चार महिने वाट पाहिली की कोणीतरी मला विचारेल, शिव्या देईल. तुम्ही काय विचारलंत? हो की नाही!"

"किरण, खाली बस, माय," निर्मला म्हणाली.

"बसणार नाही. मी काकूंशी भांडत होते तेव्हा तुम्ही टाळी वाजवली, सर. मला वाटलं इथं भांडणारा माणूस नको आहे. मग मी बोलणं सोडलं. त्यांनी पण सोडलं. अब किससे बोलूँ?" तिनं बिरसीच्या खोलीची किल्ली माझ्यासमोर ठेवली. "पुढच्या सोमवारपासून मी नाही."

ती गेली. कोणी तिला अडवलं नाही. माझ्या तोंडाशी एक थट्टा आली होती, खरंच सांगतो, सवयीनं आली होती. मी ती गिळली. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

तो आठवडा कसा गेला ते तुम्हाला काय सांगू. उन्हाळी धानाची रोवणी तोंडावर. किरण नसली तर बिरसीला उषा एकटी, आणि एकटीनं मोजलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो. योगराजभाऊ म्हणाले, "दूसरी लड़की रख लेते हैं." निर्मला त्यांच्यावर भडकली, "माणूस का घमेलं हाय का जी, फुटलं का दुसरं आनाले?" मी किरणच्या घराकडे दोनदा गेलो आणि दोनदा कोपऱ्यावरूनच परत फिरलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तिच्या आईनं दार उघडलं. मी म्हणालो, "तिला सांगा, तिचं बरोबर होतं. मोजणीबद्दलही आणि माझ्याबद्दलही." आईला काही समजलं नाही. तिनं मला पाणी दिलं. मी ते पिऊन आलो.

आज सोमवार. सकाळी दहाला आम्ही चौघं बसलो. मी नेमका वेळेवर आलो होतो आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. किल्ली मधे जमिनीवर ठेवली होती. सगळ्यांना एवढं माहीत होतं की कोणी उठून कामाला लागलं तर हा गट आजच संपला.

सव्वादहाला स्कूटी थांबल्याचा आवाज आला. किरण दारात आली. चपला काढल्या नाहीत, बसली नाही, किल्लीकडे पाहिलं नाही.

"माझं बोलून झालेलं नाही," ती म्हणाली. "अजून लय आहे."

मी सरकून तिला जागा केली आणि म्हणालो, "बोल."

ती दोन तास बोलली, बाई. निम्मं माझ्याबद्दल होतं. आणि मी एकदाही मधे बोललो नाही.